ब्रह्मगिरीवर पहिल्यांदा येताय? मग गोष्टीच्या वाटेने या

नाशिकजवळच्या त्र्यंबकला (त्र्यंबकेश्वरला) येणारी बरीच मंडळी कुशावर्त कुंडावर डोकं भिजवतात, देवळाच्या रांगेत तासन्‌तास उभी राहतात, जेवतात आणि परतीची गाडी धरतात. ज्या डोंगरापायी हे गाव इथे वसलं, तो त्यांच्या फोटोत मागे कुठेतरी ढगात राहून जातो. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख. ब्रह्मगिरीवर कधीच न गेलेल्या, पण जावंसं वाटणाऱ्या माणसासाठी.

मी नाशिकची. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणजे रामकुंडावर जाऊन येते. ही गंगा ज्या डोंगरावर उगवते त्याला आम्ही दोन तऱ्हांनी भेटतो. एरवीच्या दिवशी वर चढून, आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्याच्याभोवती चालून. चालण्याला इथे ‘फेरी’ म्हणतात. ‘यंदा फेरीला येणार का?’ एवढं विचारलं तरी नाशिककराला कळतं. दोन्ही करा, पण एकाच दिवशी करू नका. आणि जमलं तर आधी चढाई करा, फेरी नंतर. डोंगर वरून पाहिलेला असला की खालून चालताना तो ओळखीचा वाटतो.

आधी गोष्ट ऐका

ही गोष्ट मला आईने फेरीच्या वाटेवर सांगितली. ती माहीत नसेल तर वर गेल्यावर तुम्हाला दोन छोटी देवळं, एक कुंड आणि भरपूर माकडं एवढंच दिसेल.

गौतम ऋषी आणि अहल्या या डोंगरावर राहत होते. मोठा दुष्काळ पडला, तेव्हा गौतमांनी वरुणाची आराधना करून कधीही न आटणारं पाणी मिळवलं. त्यावर भात पिकवून ते आश्रमातल्या सगळ्यांना जेवू घालायचे. इतर ऋषींच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी एक मायावी गाय शेतात सोडली. गौतमांनी तिला हाकलायला दर्भाची काडी उचलली, ती नुसती लागली आणि गाय गतप्राण झाली. गोहत्येचं पाप धुवायला गंगाच हवी. गौतमांनी शंकराचं तप केलं. शंकर प्रसन्न झाले, पण गंगा जटा सोडायला तयार होईना. मग शंकरांनी गुडघे टेकून या डोंगरावर जटा आपटल्या आणि गंगा बाहेर पडली.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. गंगा आली, पण थांबेना. माथ्यावर औदुंबराच्या मुळाशी दिसली आणि गुप्त झाली. खाली गंगाद्वारी दिसली, पुन्हा गुप्त झाली. शेवटी गौतमांनी कुश गवताने तिला चारी बाजूंनी वेढलं, अडवलं आणि तिथे स्नान केलं. ते कुशावर्त. गौतमांनी आणली म्हणून ती गौतमी.

आता हीच गोष्ट पायांनी ऐकायची. डोंगर काळ्या बेसाल्टचा, लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला. माथ्यावर पडलेला पाऊस भेगांमधून मुरतो, खाली कठीण थर आडवा आला की कड्याच्या पायथ्याशी झिरपून बाहेर येतो, पुन्हा मुरतो, आणखी खाली पुन्हा निघतो. लपतछपत येणारी गंगा ती हीच. गोष्ट रचणाऱ्यांनी हा डोंगर फार बारकाईने पाहिला होता, असं मला दर खेपेला वाटतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: गोष्ट वरून खाली येते, तशीच तुमची भेट आखा. चढताना कुठेही रेंगाळू नका, थेट माथ्यावर जा. जे बघायचं, जिथे बसायचं ते उतरताना. जटा मंदिर, मग मूळ गंगा, मग गंगाद्वार आणि शेवटी कुशावर्त. बहुतेक जण उलट करतात. आधी कुशावर्त, मग वाटेत गंगाद्वार, आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत पायांत आणि मनात काहीच शिल्लक नसतं.

दिवस कसा निवडायचा

पहिल्यांदा येणाऱ्याला मी सप्टेंबरचे शेवटचे दिवस ते फेब्रुवारी एवढा काळ सांगेन. पाऊस ओसरला की पठार सोनकीने पिवळं आणि तेरड्याने गुलाबी होतं, वाट वाळलेली असते आणि धारा अजून चालू असतात. थंडीत फुलं नाहीत, पण हवा स्वच्छ. पूर्वेला अंजनेरीचा पसरट डोंगर, पश्चिमेला हरिहरचा ताशीव माथा आणि दक्षिणेकडे वैतरणेच्या जलाशयाचं पाणी असं सगळं एका जागी उभं राहून दिसतं.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर सगळ्यात देखणा असतो, पण तो दिसेलच याची खात्री नाही. दहा हातांवरचा माणूस धुक्यात जातो. पठारावरचा वारा छत्री उलटी करतो, कधी माणसालाही ढकलतो. अतिवृष्टीचा इशारा असला की वन विभाग आणि पोलीस या भागातल्या वाटा बंद करतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. बंदी असली की दुसऱ्या वाटेने घुसू नका. जवळच्याच दुगारवाडीच्या धबधब्यावर 2022 च्या ऑगस्टमध्ये अचानक पाणी वाढलं आणि पलीकडे गेलेले लोक अडकून पडले. इथला ओहोळ गुडघ्याचा कमरेला यायला फार वेळ घेत नाही.

मार्च ते मे टाळलेलं बरं. अगदी यायचंच असेल तर माणशी तीन लीटर पाणी घेऊन या. डोंगराच्या पोटाशी ज्या वस्त्या आहेत त्यांना ‘मेट’ म्हणतात. गंगाद्वार मेट, महादरवाजा मेट, सुपलीची मेट अशी त्यांची नावं. मेट म्हणजे गडाच्या घेऱ्यातली जुनी पहाऱ्याची चौकी. आज तिथे आदिवासी कुटुंबं राहतात आणि ज्या डोंगरातून गंगा निघते त्याच डोंगरावर उन्हाळ्यात बायांना हंडाभर पाण्यासाठी चढउतार करावी लागते. त्यांच्या दारात बाटली भरून मागू नका. विकत लिंबूसरबत घ्या, ताक घ्या.

वारांबद्दल एक. सोमवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाव भरलेलं असतं. मंगळवार ते गुरुवार मधला दिवस साधला तर उत्तम.

पोहोचायचं कसं

नाशिकपासून त्र्यंबक साधारण 28 किलोमीटर. एसटी आणि सिटीलिंक (नाशिकची शहर बससेवा) दोन्हींच्या बस आहेत, तास-सव्वा तास लागतो. रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिकरोडला उतरून आधी शहरात यावं. 2026-27 मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे, त्यामुळे या रस्त्यावरची कामं आणि गर्दी धरून हाताशी थोडा जास्त वेळ ठेवा. लांबून येणाऱ्यांनी आदल्या रात्री त्र्यंबकला मुक्काम करावा. गजानन महाराज संस्थानचा भक्तनिवास आहे, लॉज आहेत, धर्मशाळा आहेत.

त्र्यंबकराजाचं, म्हणजे त्र्यंबकेश्वराचं, दर्शन चढाईच्या दिवशी नको. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं हे काळ्या पाषाणाचं देऊळ शांतपणे बघायचं आहे, आणि रांग कधी तासाची तर कधी पाचाची. मुक्काम असेल तर पहाटे देवळात जा, दुसऱ्या दिवशी डोंगर. एकच दिवस असेल तर डोंगर आधी, कळसाला बाहेरून हात जोडा. देव रागावत नाही, हे माझ्या आजीचं मत.

चढाईचा दिवस

सकाळी साडेसहाला पायथ्याशी असा. सोबत दोन लीटर पाणी, घट्ट बंद होणारी पाठीवरची पिशवी, टोपी, पावसाळ्यात रेनकोट, आणि झिजलेल्या नसलेल्या तळाचे बूट. नवेकोरे बूट घालू नका. मी एकदा फेरीला नवे बूट घालून गेले होते. पहिन्याच्या आसपास दोन्ही टाचांना फोड आले आणि उरलेली सगळी वाट मी बूट गळ्यात अडकवून अनवाणी चालले. आठवडाभर पाय टेकवत नव्हता.

हातात खाण्याची पिशवी अजिबात नको. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. प्लास्टिक कुरकुरलं की ती येतात आणि अरुंद पायऱ्यांवर माणूस दचकून मागे सरतो, धोका तिथे आहे. काठी भाड्याने किंवा विकत मिळते, ती घ्या. माकडांना मारायला नाही, हातात दिसावी म्हणून. आणि त्यांना खायलाही घालू नका. त्यांची ही सवय आपणच लावली आहे.

गावातून बाहेर पडलात की थोड्याच वेळात वाट फुटते. एक गंगाद्वाराकडे, एक ब्रह्मगिरीच्या माथ्याकडे. ‘ब्रह्मगिरी कुठून?’ असं कुणालाही विचारा. सुरुवातीचा टप्पा झाडीतला, बांधलेल्या पायऱ्यांचा. त्यानंतर वाट कड्याच्या कडेने आडवी जाते आणि मग अचानक समोर कातळच येतो. त्यात खोदलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना काळ्या भिंती, वर दरवाजा. इथे कळतं की हा नुसता तीर्थाचा डोंगर नाही, हा त्रिंबकगड आहे. यादवांच्या काळापासून नांदता असलेला हा किल्ला 1636 च्या तहात शहाजीराजांना मोगलांना द्यावा लागला, 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. त्या पायऱ्यांवर पावसाळ्यात वरून पाण्याचा ओघळच येत असतो. भिंतीला हात लावून चढा, एका वेळी एकच पायरी. उतरणारा माणूस दिसला तर तुम्ही थांबा, त्याला आधी जाऊ द्या. उतरताना तोल जास्त जातो.

सवयीच्या माणसाला माथ्यावर यायला दीड तास, नवख्याला दोन ते अडीच. लहान मुलं येतात, साठीच्या बायका नऊवारीत येतात. गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर मात्र गंगाद्वारापर्यंतच जा. तिथपर्यंत बांधीव पायऱ्या आहेत, सातशेच्या आसपास.

माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर. पठारावर आलात की आधी बसा, घोटभर पाणी प्या आणि मग पलीकडच्या टोकाला जटा मंदिराकडे चाला. गोष्ट इथून सुरू होते. देऊळ अगदी लहान, कड्यापाशी, वाऱ्याला पाठ देऊन बसल्यासारखं. आत वाकून जावं लागतं. बाहेरच्या उजेडातून आल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू खडक दिसायला लागतो आणि त्यावर उठलेल्या लांब लांब रेघा. त्या जटांच्या. त्याच्याजवळचे दोन खळगे गुडघ्यांचे. शेंदूर, ओलावा आणि विझत आलेल्या उदबत्तीचा वास. मी लहान असताना आईने माझा हात धरून त्या खळग्यात ठेवला होता. तळहाताला गार पाणी लागलं. तुम्हीही हात लावून बघा, पण मागे माणसं खोळंबलेली असतात हे ध्यानात ठेवून.

तिथून मूळ गंगेच्या देवळात या. गोदावरीचा उगम तो हा. कुंडातलं पाणी तळहातात मावेल एवढंच घ्यावं. नाणी, फुलं, निर्माल्य, तेल, साबण यातलं काहीही पाण्यात टाकू नका. हीच नदी इथून 1,465 किलोमीटर चालत आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. आणि या डोंगराच्या दुसऱ्या अंगाचं पाणी वैतरणेला जातं, ती अरबी समुद्राला. एकाच पावसाचे दोन थेंब, एक पूर्वेच्या समुद्राला, एक पश्चिमेच्या. पठारावर उभं राहून मला हे दर वेळी नव्याने खरं वाटतं.

पठाराच्या पुढे दुर्ग भांडार आहे. कातळात खोल खोदलेला जिना, सरपटत जावं लागेल असा दरवाजा आणि दोन्हीकडे दरी असलेली दगडी पट्टी. फार विलक्षण जागा आहे, पण पहिल्या खेपेला, पावसात किंवा वाटाड्याशिवाय तिकडे जाऊ नका. कोरड्या दिवशी, मेटातला एखादा माहीतगार सोबत घेऊन या आणि त्याला त्याच्या दिवसाची योग्य मजुरी द्या.

उतरताना फाट्यावरून गंगाद्वाराकडे वळा. कड्याच्या पायथ्याशी गंगेचं छोटं देऊळ आहे, गोमुखातून थेंब थेंब पाणी पडतं. पावसाळ्यात धार, वैशाखात थेंबांमध्ये मोजण्याइतकं अंतर. जवळच कोलांबिका देवी आणि गोरक्षनाथांची गुहा. या डोंगरावर नाथपंथाची फार जुनी वहिवाट आहे, त्याबद्दल फेरीत सांगते.

मग खाली गावात, कुशावर्तावर. आता पायरीवर बसा. वर जिचा ओलावा तळहाताला लागला, मधे जिचे थेंब ऐकले, ती इथे चौकोनी दगडी कुंडात अडवलेली आहे. दर सोमवारी दुपारी त्र्यंबकराजाची पालखी देवळातून इथे येते, मुखवट्याला स्नान घालतात. चढाई सोमवारी केली असेल तर तिच्या वेळेला खाली पोहोचा.

फेरी

श्रावणातला तिसरा सोमवार. रविवारी दुपारपासून नाशिकच्या स्टँडवर गर्दी व्हायला लागते. एसटी जादा गाड्या सोडते, खासगी गाड्या त्र्यंबकच्या अलीकडेच थांबवतात. वाहनतळ आणि वाहतूक यांची सूचना दर वर्षी प्रशासन आधी काढतं, ती वाचल्याशिवाय स्वतःची गाडी काढू नका. खरं तर काढूच नका.

लहान फेरी साधारण 20 किलोमीटरची, मोठी त्याच्या जवळपास दुप्पट. नवख्याने मोठीचा विचारही करू नये. लहान फेरीला चालणाऱ्याच्या वेगाप्रमाणे पाच ते सात तास लागतात, गर्दीत जास्त.

आधीच्या पंधरा दिवसांत रोज तासभर चाला. कपडे पटकन वाळणारे, जीन्स नको. ती भिजली की अंगावर दगड बांधल्यासारखी होते. रेनकोट किंवा डोक्यावरून घ्यायचा प्लास्टिकचा घोंगता, छत्री नको. रात्री निघणार असाल तर बॅटरी. मोबाइल जाड प्लास्टिकच्या पिशवीत. खिशात थोडी सुटी नाणी-नोटा, मीठ-साखरेची पुडी, मलमपट्टी. उपास असतो, म्हणून राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी. मधुमेह असणाऱ्यांनी उपास करून चालू नये. सोमवार पुन्हा येईल.

बायकांसाठी वेगळं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. निघण्याआधी गावातच स्वच्छतागृहाला जाऊन या, पुढे सोय तुरळक आणि रांग लांब. रात्री चालायचं तर चार-पाच जणींनी मिळून, आणि चुकामूक झाल्यास कुठे थांबायचं ते आधीच ठरवून. वाटेवर नेटवर्क जातं. दागिने घरी. एवढं केलं की भीती बाळगायचं काही कारण नाही. माझ्या अनुभवात फेरीच्या रात्रीइतकी माणसांची सोबत दुसऱ्या कुठल्या वाटेवर मिळत नाही.

सुरुवात कुशावर्तापासून. अंघोळ किंवा नुसतं पाय-डोकं भिजवून, डोंगर उजव्या हाताला ठेवून निघायचं. प्रयागतीर्थ, पेगलवाडी, मग पहिने. इथवर बहुतेक सपाट, रस्त्याची वाट. नवखी माणसं इथेच धावतात आणि पुढे बसतात. माझ्या पहिल्या फेरीत मीही भराभर पुढे चालले होते. दहावीत होते तेव्हा. निफाडकडची एक आजी शेजारी आली, पदर खोचलेला, पाय अनवाणी, टाचांना भेगा आणि त्या भेगांत चिखल बसून सुकलेला. म्हणाली, “बाई, डोंगर काई पळून चाल्ला का? दमानं घे.” मग तिने मला एक युक्ती दिली. एक जण ‘बम बम’ म्हणेल, दुसऱ्याने ‘भोले’ म्हणायचं, आणि पाऊल त्या तालावर टाकायचं. श्वास आपोआप बेतात राहतो. मी आजही तशीच चालते, आणि नवख्यांना सगळ्यात आधी हेच शिकवते.

पहिन्यानंतर डोंगर खऱ्या अर्थाने भेटतो. वाट कधी भातखाचरांच्या बांधावरून, कधी चढावर, कधी ओहोळातून. काही भागात आता पक्का रस्ता झालाय, तरी चिखल चुकत नाही. श्रावणात आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपलेली असते, खाचरात हिरवंगार रोप आणि मधेच नागलीचे पट्टे. बांधावरून चालताना रोपात पाय टाकू नका. त्या एका रात्रीत लाखो पावलं जातात, आणि ते कुणाच्या तरी वर्षभराचं खाणं असतं.

ओहोळ ओलांडताना घाई नाही. लोक आपसूक हातात हात घालून साखळी करतात, तिच्यात सामील व्हा. ज्याचा हात धरलाय त्याचं नावही माहीत नसतं. पाय उचलायचा नाही, तळाशी सरकवत न्यायचा. आधी पुढचा पाय पक्का, मग मागचा. पाणी गढूळ आणि फेसाळ झालं, आवाज बदलला, तर थांबा. पाऊस वर पडलेला असतो, तुमच्या डोक्यावर नाही.

याच वाटेवरची दुसरी गोष्ट निवृत्तिनाथांची. विठ्ठलपंत आणि रुक्मिणी मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालत होते. रात्रीची वेळ, वाघ समोर आला, सगळे पांगले आणि निवृत्ती हरवला. तो ज्या गुहेत शिरला तिथे गहिनीनाथ बसले होते. त्यांनी त्याला उपदेश दिला, तो निवृत्तीने धाकट्या भावाला दिला आणि ज्ञानेश्वरी त्यातून आली. फेरीतला एखादा वारकरी हे सांगायला लागला की चालणारे आपोआप जवळ सरकतात, बॅटऱ्या खाली होतात. अंधारात, पावसात, त्याच डोंगराच्या कडेने चालताना ‘वाघ समोर आला’ हे शब्द ऐकून माझ्या अंगावर अजून काटा येतो.

शेवटी गणपतबारीकडून वाट पुन्हा मोठ्या रस्त्याला लागते आणि त्र्यंबकचे दिवे दिसतात. हा टप्पा लांबतो, पाय बोलायला लागतात. बसलात तर उठवत नाही, म्हणून उभ्या उभ्या चहा घ्या. ठिकठिकाणी मंडळं फुकट चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी देतात. घ्या, पण द्रोण-कप पिशवीत घाला, रस्त्यावर नको. दुसऱ्या दिवशी त्या वाटेवरून मेटातली आणि पाड्यांवरची मुलं शाळेत जातात.

कुशावर्तावर येऊन फेरी पुरी करायची. मग थेट गाडीकडे. ओले कपडे बदला, कोरडे मोजे घाला, घरी गेल्यावर कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवा. देवळाच्या रांगेत उभं राहण्याचा मोह त्या दिवशी टाळा.

गर्दी सोसत नसेल तर फेरी श्रावणात इतर कुठल्याही दिवशी करता येते. वाट तीच, ओहोळ तेच, फक्त सोबत स्वतःची न्यावी लागते आणि दिवसाउजेडीच चालावं लागतं. अंजनेरी मात्र याच फेऱ्यात उरकू नका. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून मानला गेलेला तो डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्याच्या नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची एक जात तिथल्या कातळावर उगवते. त्याला वेगळा दिवस द्या, आणि फुलं तोडू नका.

श्रावण चुकला तर

निवृत्तिनाथांनी 1297 मध्ये त्र्यंबकलाच समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला त्यांची यात्रा भरते. सिन्नर, निफाड, नगरकडच्या दिंड्या थंडीत चालत येतात आणि दोन-तीन दिवस गावात टाळमृदंगाशिवाय दुसरा आवाज नसतो. हवा कोरडी असते, त्यामुळे यात्रेला जोडून माथ्यावरही जाता येतं.

मला स्वतःला उटीची वारी अधिक प्रिय आहे. चैत्र वद्य एकादशीला, उन्हाळा चढलेला असताना, समाधीला गारव्यासाठी चंदनाची उटी लावतात. चंदन उगाळायला आधीचे दिवस अनेक हात लागलेले असतात. दुपारी समाधी चंदनाने झाकून जाते, भजन रात्रीपर्यंत चालतं, आणि मग उटी उतरवून ती प्रसाद म्हणून वाटतात. डोंगर चढायचे ते दिवस नव्हेत, खाली बसून अभंग ऐकायचे आहेत. येताना घट्ट झाकणाची एक लहानशी डबी आणा. कागदात बांधलेली उटी घरी पोहोचेपर्यंत वाळून भुकटी होते.